क्लीक, जेनेटिक अल्गोरिदम आणि ब्लॅक बुक: नोकरी सांभाळून केलेलं एम.ई.चं डिझर्टेशन

मी डिप्लोमा कॉलेजात शिकवते. नोकरी सांभाळून एम.ई. करणारे आमच्यासारखे बरेच असतात. कोर्सवर्क कसंबसं पार पडतं आणि गाडी डिझर्टेशनपाशी येऊन अडते. माझं 2023 च्या जुलैत सुरू झालं आणि 2024 च्या जुलैत निकाल हातात आला. विषय होता, मॅक्सिमम क्लीक प्रॉब्लेम जेनेटिक अल्गोरिदमने सोडवणं. स्टाफरूममधले दोघं-तिघं आता सिनॉप्सिसच्या, म्हणजे विषयाच्या आराखड्याच्या, टप्प्यावर आहेत आणि तेच तेच प्रश्न विचारतायत, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहून काढते. फॉर्म, फी आणि सह्यांसकट.

आधी विषय. तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांतून असा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचाय की त्यातल्या प्रत्येकाकडे बाकी प्रत्येकाचा नंबर सेव्ह असेल. असा सगळ्यात मोठा ग्रुप किती जणांचा? माणसं म्हणजे नोड, ओळखी म्हणजे एज, हे सगळं जाळं म्हणजे ग्राफ आणि तो ग्रुप म्हणजे क्लीक. ऐकायला बाळबोध, पण रिचर्ड कार्पने 1972 मध्ये एनपी-कम्प्लीट, म्हणजे ज्यांना जलद पद्धत कुणालाच सापडलेली नाही अशा जातीचे, म्हणून दाखवलेल्या 21 प्रॉब्लेम्सच्या यादीत हा आहे. योहान हॉस्टाडने नव्वदच्या दशकात आणखी वाईट बातमी दिली: याचं बऱ्यापैकी जवळचं उत्तर हमखास देणारी जलद पद्धतसुद्धा मिळण्याची आशा धरू नका. अशा ठिकाणी लोक ह्युरिस्टिककडे, म्हणजे हमी नसलेल्या पण व्यवहारात चालणाऱ्या पद्धतींकडे, वळतात आणि जेनेटिक अल्गोरिदम, म्हणजे जीए, हे त्यातलं एक. जॉन हॉलंडच्या 1975 च्या कामापासून हे नाव रुळलं. उत्तरांची एक पॉप्युलेशन घ्यायची, चांगल्यांचा क्रॉसओव्हर करायचा, म्हणजे दोन उत्तरं मिसळून नवं काढायचं, थोडं म्युटेशन, म्हणजे चिठ्ठी टाकून किरकोळ बदल, आणि पुन्हा निवड.

जुलैत टॉपिक अप्रूव्हलचा फॉर्म भरला. त्यावर गाईड, एम.ई. कोऑर्डिनेटर आणि एचओडी अशा तीन सह्या लागतात, शिवाय नोकरी करणाऱ्यांना आपल्या संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते प्रमाणपत्र ॲडमिशनच्या वेळी दिलेलं चालत नाही, चालू वर्षाचं हवं. आमच्या ऑफिसातून ते मिळायला गणपती उजाडले, कारण साहेबांची सही आणि जावक क्रमांक यांची गाठ एका दिवशी पडेना. अर्ज जूनमध्येच टाकून ठेवा.

सिनॉप्सिस कमिटीसमोर गेला तो परत आला. शेरा एका ओळीचा: ॲप्लिकेशन स्पष्ट करावे. म्हणजे याचा उपयोग कुठे ते लिहा. कमिटीतल्या एका सरांनी स्वतःच "सोशल नेटवर्क लिहा ना" असं सुचवलं. सगळे तेच लिहितात. मला त्यापेक्षा रसायनशास्त्रातलं उदाहरण पटलं. दोन रेणूंमध्ये सगळ्यात मोठी समान रचना कोणती, हा प्रश्न औषधांच्या संशोधनात वारंवार येतो. पहिल्या रेणूतला एक अणू आणि दुसऱ्यातला एक अशा जोड्यांचे नोड करायचे आणि एकमेकींशी सुसंगत जोड्या एजने जोडायच्या. या ग्राफमधली सगळ्यात मोठी क्लीक म्हणजेच ती समान रचना. हा परिच्छेद घातल्यावर सिनॉप्सिस एका बैठकीत पास झाला. शीर्षक मात्र तेव्हाच नीट ठरवून घ्या. नंतर त्यात एक शब्द बदलायचा तरी विद्यापीठाला वेगळा अर्ज जातो आणि ब्लॅक बुकवर, म्हणजे डिझर्टेशनच्या बांधलेल्या प्रतीवर, छापलेलं शीर्षक मंजूर शीर्षकाशी अक्षरशः जुळवून पाहतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर वाचनात आणि डेटा गोळा करण्यात गेले. या विषयात एक मोठी सोय आहे. डायमॅक्स नावाच्या अमेरिकेतल्या केंद्राने, ते रटगर्स विद्यापीठात आहे, 1992-93 मध्ये एक चॅलेंज घेतलं होतं. त्या वेळी जमवलेले ग्राफ आजही सगळे वापरतात. सी125.9 मध्ये 125 नोड, 6963 एज आणि सगळ्यात मोठी क्लीक 34 ची. केलर4 मध्ये 171 नोड आणि क्लीक 11 ची. हॅमिंग8-4 मध्ये 256 नोड आणि 16. ब्रॉक200_4 मध्ये 200 नोड आणि 17. उत्तरं माहीत असल्यामुळे आपला कोड किती पाण्यात आहे ते लगेच कळतं. डेटासाठी कुणाच्या परवानगीचं पत्र लागत नाही, हा फायदा ज्यांनी हॉस्पिटलचा डेटा घेऊन डिझर्टेशन केलंय त्यांना विचारा.

फाइल वाचताना दोन गोष्टी बघा. सी या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी टिपणीच्या, पी ची ओळ नोड आणि एजची संख्या सांगते, ई च्या ओळी एकेक एज. पी नंतर कुठे 'एज' असतं, कुठे 'कोल', दोन्ही चालवून घ्या. नोडची मोजणी 1 पासून आहे आणि आपले अ‍ॅरे 0 पासून. वाचून झाल्यावर मोजलेल्या एज पी च्या ओळीशी ताडून पाहणारी एक तपासणी कोडमध्येच ठेवली, ती शेवटपर्यंत काढली नाही. काही फाइली बायनरी स्वरूपात मिळतात, त्या उलगडणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम सोबतच असतो.

नोव्हेंबरमध्ये साधा, पुस्तकी जीए लिहिला. 200 नोड तर 200 बिटची ओळ, निवडलेल्या नोडला 1. न जुळणाऱ्या जोड्यांमागे दंड, मोठ्या संचाला बक्षीस. हा चालणार नाही हे माहीत होतं. कार्टर आणि पार्क यांनी 1993 मध्ये बोस्टन विद्यापीठात नेमका हाच प्रयोग करून जीए मोठ्या क्लीक शोधण्यात कच्चे आहेत असं लिहून ठेवलंय. तरी बेसलाइन म्हणून, म्हणजे पुढच्या पद्धतींशी तुलनेला, तो टेबलमध्ये हवाच. सी125.9 वर 34 पर्यंत जायचं तर स्वारी विशीतच घुटमळत राहिली.

कारण हिशेब करून पाहिलं की कळतं. ब्रॉक200_4 मध्ये साधारण 66 टक्के जोड्यांमध्ये एज आहे. त्यातले कुठलेही 10 नोड उचलले तर 45 जोड्या होतात आणि त्या सगळ्या जुळण्याची शक्यता सुमारे 15 कोटींत एक. आपल्याला असे 17 नोड हवेत. आंधळेपणाने बिट उलटेपालटे करून तिथे पोचता येत नाही, पॉप्युलेशन कितीही मोठी घ्या.

डिसेंबरच्या पहिल्या प्रोग्रेस सेमिनारला मी हाच तक्ता घेऊन उभी राहिले. कमिटीचे चेहरे बघून वाटलं, आता विषयच बदलायला लावणार. गाईड सर मात्र शांत होते. म्हणाले, "मॅडम, निगेटिव्ह रिझल्ट पण रिझल्टच आहे. पुढे रिपेअर लावा." मार्क कमी पडले, सेमिनार पास झाला.

रिपेअर म्हणजे क्रॉसओव्हरनंतर जो काही कचरा संच मिळेल, त्यातून क्लीक काढायची. संचातल्या बाकीच्यांशी सगळ्यात कमी जुळणारा नोड टाकत जायचा, उरलेले सगळे एकमेकांशी जुळेपर्यंत. मग बाहेरचा जो नोड सगळ्यांशी जुळतो तो आत घ्यायचा, असे घेता येतील तेवढे. एलेना मार्किओरी यांनी 1998 मध्ये अशाच रिपेअरवर साधा जीए बांधला होता आणि तो पुस्तकी जीएच्या कितीतरी पुढे गेला. माझ्याकडेही सी125.9 वर 34, केलर4 वर 11, हॅमिंग8-4 वर 16 धडाधड यायला लागले. त्या रात्री डोंबिवलीच्या घरी स्क्रीनवर 34 बघून मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "छान, झोप आता."

कोड तोवर पायथनमध्ये होता. प्रत्येक नोडचे शेजारी एकाच मोठ्या पूर्णांकात बिट म्हणून ठेवले होते. "सगळ्यांशी जुळणारे कोण?" याचं उत्तर मग त्या पूर्णांकांचा अँड घेतला, म्हणजे सगळ्यांत 1 असलेले बिट तेवढे ठेवले, की एका फटक्यात मिळतं. पायथन 3.10 पासून बिट मोजायची सोयही आहे. 250 नोडपर्यंत मस्त चालतं. 1000 नोडच्या सी1000.9 वर मात्र एकेक रन रात्रभर, म्हणून जानेवारीत तेवढा भाग सी++ मध्ये उतरवला. फुकटच्या क्लाउड नोटबुकवर लांब रन टाकू नका, मध्येच सेशन तुटतं. कॉलेजच्या लॅबमधला एक पीसी शनिवार-रविवार वापरायला लेखी मागितला, लॅब असिस्टंटने "बंद करू नये" अशी चिठ्ठी चिकटवून दिली. हाऊसकीपिंगलाही सांगून ठेवा.

फेब्रुवारी हा या सगळ्यातला माझा आवडता महिना. एगॉन बालस आणि विल्यम नीहाउस यांचा 1998 चा पेपर वाचला. त्यांचं म्हणणं असं की दोन क्लीकचा क्रॉसओव्हर चिठ्ठ्या टाकून कशाला करता, दोघींच्या नोडमधून बनू शकणारी सगळ्यात मोठी क्लीक नेमकी काढता येते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसेना, मूळ प्रॉब्लेमच तर अवघड आहे. पण बघा. पहिल्या क्लीकमधले सगळे आपसात जुळतात, दुसरीतलेही. न जुळणाऱ्या जोड्या फक्त या दोन गटांच्या मध्ये असू शकतात. फक्त त्या नकोशा जोड्यांचा ग्राफ काढला तर तो बायपार्टाइट होतो, म्हणजे नोडचे दोन गट आणि एज फक्त गटांच्या मध्ये, आणि अशा ग्राफमध्ये सगळ्यात मोठं मॅचिंग, म्हणजे एकही नोड दोनदा न येणाऱ्या जास्तीत जास्त जोड्या, काढणं सोपं असतं. पुढचं काम कोनिगचं प्रमेय करतं: नकोशा जोड्या सगळ्या मोडायला, सगळ्यात मोठ्या मॅचिंगमध्ये जितक्या जोड्या तितकेच नोड वगळावे लागतात.

कागदावर असं. पहिली क्लीक 20 ची, दुसरी 19 ची, 6 नोड दोघींत सामायिक. एकूण वेगळे नोड 33. सामायिक 6 कुणाशीच भांडत नाहीत, ते तसेच राहतात. उरलेले इकडे 14 आणि तिकडे 13, त्यांच्यात नकोशा जोड्यांचं सगळ्यात मोठं मॅचिंग समजा 11 चं निघालं. मग सगळ्यात मोठी क्लीक 33 वजा 11, म्हणजे 22. दोन्ही पालकांपेक्षा मोठी, आणि या 33 नोडमध्ये याहून मोठी नाहीच अशी खात्री. मॅचिंग पूर्ण 13 चं निघालं तर मूल 20 चं, म्हणजे निदान मोठ्या पालकाएवढं तरी. व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, मी ही स्लाइड सगळ्यात जास्त वेळ दाखवली. बघणाऱ्याला ती पटते.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा मूल मोठ्या पालकाएवढंच निघतं आणि पॉप्युलेशन लवकर एकसुरी होते. त्यावर उपाय म्हणून दुसरं मूल वापरात न आलेल्या नोडमधून रिपेअर करून काढलं आणि पॉप्युलेशनमध्ये तंतोतंत तीच क्लीक दोनदा येऊ दिली नाही. हा दुसरा नियम अगदी छोटा, पण त्याचा गुण मोठा. क्लीकचे बिट तसेच हॅश करून सेटमध्ये ठेवले, म्हणजे आधी आलेली क्लीक लगेच ओळखता येईल अशी यादी केली, की काम झालं.

मार्चच्या दुसऱ्या सेमिनारला एका बाईंनी जो प्रश्न विचारला तो मी सगळ्यांना सांगते: "यातून जीए काढून टाकला आणि नुसतं रिपेअर रँडम सुरुवातीने पुन्हा पुन्हा चालवलं, तर काय येतं?" तुमचा ह्युरिस्टिक कुठलाही असो, हा प्रश्न कुणी विचारण्याआधी स्वतःला विचारा आणि त्याचा कॉलम टेबलमध्ये घाला. मी घातला, दोन्हीकडे रिपेअरची संख्या सारखी ठेवून. सी125.9, केलर4, हॅमिंग8-4 या तिन्हींवर काडीचा फरक नाही. म्हणजे डिसेंबरातल्या त्या रात्रीचं 34 हे रिपेअरचं होतं, उत्क्रांतीचा त्यात काही वाटा नव्हता. सी1000.9 वर मात्र, जिथे आजवरची सर्वोत्तम क्लीक 68 ची आहे, नुसतं रिपेअर 61-62 ला थांबलं आणि जीए 65 ला, कधी 66 ला पोचला. तिथे क्रॉसओव्हरने आपली भाकरी कमावली असं म्हणता येतं. मॅन_ए45 या त्याच संग्रहातल्या ग्राफवर सर्वोत्तम क्लीक 345 ची आहे, तिथे जीए 344 पर्यंत गेला.

आणि ब्रॉक400_4. इथे 33 ची क्लीक लपवलेली आहे आणि माझ्याकडे दोन्ही पद्धती 25 च्या पुढे हलल्या नाहीत. हे ग्राफ अल्बर्टा विद्यापीठाच्या ब्रॉकिंग्टन आणि कल्बरसन यांनी मुद्दाम असे रचलेत की लपवलेल्या क्लीकमधल्या नोडना शेजारी कमी आहेत. रिपेअर जास्त शेजारी असलेल्या नोडच्या मागे धावतं, म्हणजे दर पावलाला उत्तरापासून दूर. आणि जीए जितकी चांगली निवड करेल तितकी सगळी पॉप्युलेशन त्याच चुकीच्या दिशेला. नोड टाकताना-घेताना शेजाऱ्यांची संख्या न बघता चिठ्ठी टाकली तर ब्रॉक200_4 वर 17 अधूनमधून येते, 400 वर माझ्या वेळेत नाही आली. हा सगळा भाग मी डिझर्टेशनमध्ये एका स्वतंत्र उपप्रकरणात लिहिला. माझ्या मते 90 पानांत वाचण्यासारखं तेवढंच आहे.

एप्रिलमध्ये पेपर. आमच्याकडे एक तरी पेपर स्वीकारल्याचं पत्र लागतं. मेलवर "तीन दिवसांत पब्लिकेशन" वाले जर्नल इतके येतात की मोह होतो. आमच्या कमिटीने अशांची यादी करून ती सगळी नापसंत ठरवली होती, तेव्हा पैसे भरायच्या आधी कोऑर्डिनेटरला नाव दाखवा. मी कॉन्फरन्स निवडली, नोंदणी फी साडेसात हजार, संस्थेकडून परतावा नाही. रिव्ह्यूला पाच आठवडे लागले आणि त्या पाच आठवड्यांत काहीच करवत नाही.

मेमध्ये प्लेजरिझम रिपोर्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य किती ते तपासणं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या पुढे 40 टक्क्यांपर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा द्यायला लागतं. संदर्भसूची आणि अवतरणं त्यातून वगळायची असतात, लायब्ररीत रिपोर्ट काढताना ती खूण केली आहे ना ते तिथेच उभं राहून बघा. माझ्या पहिल्या मसुद्यात क्लीकची व्याख्या आणि जीएचा ठरावीक फ्लोचार्टचा मजकूर लाल झाला होता. व्याख्या किती वेगळी लिहिणार? तरी वाक्यं मोडून, उदाहरण आपलं घालून 8 वर आणलं.

मग ब्लॅक बुक. कॉलेजबाहेरच्या दुकानात काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, एका प्रतीचं बाइंडिंग 350 रुपये. चार प्रती: गाईड, विभाग, लायब्ररी आणि आपली. साधं पान 2 रुपये, रंगीत 10, म्हणून आलेख काळ्या-पांढऱ्यात कळतील असे काढा, रंगाऐवजी तुटक आणि ठिपक्यांच्या रेषा. सगळा खर्च धरून बारा हजारांच्या आत बसलं. सर्टिफिकेटच्या पानावर सह्या बाइंडिंगच्या आधी घ्यायच्या की नंतर हे प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं, विचारून घ्या. मागच्या कव्हरला खिसा आणि त्यात कोडची सीडी अजूनही मागतात. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. दुकानदाराकडे आहे, 50 रुपयांत करून देतो, जूनमध्ये त्याचा तो मुख्य धंदाच असतो.

व्हायवा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. बाहेरून आलेले सर मिश्कील होते. त्यांनी आधी सी125.9 चं उत्तर दाखवायला सांगितलं आणि विचारलं, "ही क्लीकच आहे कशावरून?" मूळ फाइल वाचून प्रत्येक जोडी तपासणारा वेगळा, वीस ओळींचा प्रोग्राम मी करून ठेवला होता. 34 नोडच्या 561 जोड्या तिथल्या तिथे तपासून दाखवल्या. मग नेहमीचा प्रश्न: 200 नोडसाठी एक्झॅक्ट, म्हणजे खात्रीचं उत्तर देणारी, पद्धत का नाही? त्याचंही उत्तर टेबलमध्ये होतं. एत्सुजी तोमितांच्या धर्तीवरचा, रंगांच्या संख्येने फांद्या छाटणारा ब्रँच अँड बाउंड मी चालवून पाहिला होता, म्हणजे सगळ्या शक्यता फांद्यांसारख्या तपासायच्या, पण जुळणाऱ्या नोडना वेगवेगळे रंग देऊन जिथे रंग कमी पुरतात तिथे मोठी क्लीक असूच शकत नाही म्हणून ती फांदी सोडायची. 200 च्या ब्रॉकला तो सेकंदात उत्तर देतो, 400 च्या ब्रॉकला मिनिटांत, तेही याहून मोठी क्लीक नाही या खात्रीसकट. जीएची गरज त्याच्या पुढे, सी1000.9 सारख्या ठिकाणी, जिथे तो संपतच नाही. सर म्हणाले, "मग हे शेवटी कशाला, पहिल्या पानावर लिहा." एवढीच दुरुस्ती निघाली. पहिल्या प्रकरणात एक परिच्छेद वाढला, चारही प्रतींत तेवढं पान बदलून पुन्हा बाइंडिंग करावं लागलं. दुकानदाराने त्याचे निम्मेच पैसे घेतले.

नो ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररी, लॅब, अकाउंट्स आणि, का कोण जाणे, जिमखाना. जिमखान्याचे सर उन्हाळी सुट्टीवर असतात, ती सही मेच्या आधी उरकून ठेवा. निकाल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटचा अर्ज आणि त्याची फी वेगळी भरावी लागते आणि नोकरीच्या ठिकाणी सेवापुस्तकात नोंद करायला तेच लागतं, मार्कशीटची झेरॉक्स चालत नाही. मूळ प्रत नेऊन दाखवायची, साक्षांकित प्रत द्यायची आणि आवकचा शिक्का असलेली पोच आपल्याकडे ठेवायची.